विषय: किरकोळ धडकेनंतर बाळाची कारसीट बदलावी का?

प्रेषक: सभासद, सध्या मुक्काम सातारा

सर्व सभासदांना सप्रेम नमस्कार.

लेकीला आजी-आजोबांचा सहवास मिळावा म्हणून आम्ही गेले ३ महिने साताऱ्यात आहोत, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. अमेरिकेहून येताना तिची कारसीट विमानात सामानाबरोबर देऊन आणली आणि बाबांच्या जुन्या हॅचबॅकमध्ये, मागच्या डाव्या बाजूला, तिचे तोंड गाडीच्या मागच्या बाजूला येईल अशी बसवली. लेक १४ महिन्यांची आहे आणि वजनाने १० किलोच्या आसपास.

गेल्या रविवारी लिंबची बारा मोटेची विहीर पाहून परतत होतो. वाढे फाट्याच्या अलीकडे सर्व्हिस रोडवर स्पीडब्रेकर आला म्हणून बाबांनी गाडी हळू केली, तेवढ्यात आल्याची पोती भरलेली एक पिकअप मागून येऊन आदळली. बंपर एका बाजूने निखळला, डिकीचे दार चेपले, एक टेललाइट फुटला. बाजूच्या दारांना धक्का लागला नाही, एअरबॅग उघडल्या नाहीत, कोणाला साधे खरचटलेही नाही, आणि गाडी आम्ही चालवतच घरी आणली. लेक दोन क्षण गप्प राहिली आणि मग तिने जो सूर लावला, तो पोवई नाका येईपर्यंत सोडला नाही. पिकअपवाल्याने खाली उतरून बाबांच्या हातावर २००० रुपये ठेवले आणि "काका, मिटवून टाकू" म्हणून हात जोडले.

प्रश्न असा की, ही सीट आता वापरावी की बदलावी? आईचे म्हणणे, पोरीला काही झाले नाही तर खुर्चीला काय होणार. दुसरीकडे कोरेगावच्या माझ्या मावसबहिणीला नुकताच मुलगा झाला आहे आणि "तुम्हाला नको असेल तर आम्हाला द्या, आम्हाला चालेल" असा तिचा निरोप आला आहे. जी सीट माझ्या मुलीसाठी वापरायला मी कचरते आहे, ती तिच्या मुलासाठी द्यायची कशी, या विचाराने मी अधिक अडले आहे.

आपली नम्र.

*

प्रेषक: सभासद, कॅलिफोर्निया

चि. ताईस अनेक आशीर्वाद.

सगळे सुखरूप आहात हे वाचून जीव भांड्यात पडला. निवृत्त झाल्यापासून मी इथे पालकांना कारसीट बसवून देण्याचे काम स्वयंसेवक म्हणून करतो. त्यामुळे हा प्रश्न माझ्यापुढे नेहमी येतो, आणि अडचण अशी की त्याचे उत्तर दोन ठिकाणी दोन तऱ्हेने लिहिलेले असते.

अमेरिकेत रस्ते-सुरक्षेचे काम पाहणाऱ्या एनएचटीएसए या सरकारी संस्थेच्या मते मध्यम किंवा जबर धडकेनंतर सीट बदललीच पाहिजे, किरकोळ धडकेनंतर मात्र ती बदलावीच लागते असे नाही. पण किरकोळ कशाला म्हणायचे हे संस्थेने आपल्या मनावर सोडलेले नाही. गाडी अपघाताच्या जागेवरून चालवत नेता आली, सीटच्या सर्वांत जवळचे दार शाबूत राहिले, गाडीतल्या कोणालाही इजा झाली नाही, एअरबॅग असल्यास त्या उघडल्या नाहीत आणि सीटवर डोळ्यांना दिसेल असे नुकसान नाही, या पाचही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतील तरच धडक किरकोळ. चार जुळल्या आणि पाचवी हुकली, तर ती किरकोळ राहत नाही. पहिल्या चारांची उत्तरे तुझ्या पत्रात आली आहेत. पाचवीबद्दल तू एक अक्षर लिहिलेले नाहीस, त्यावरून तू अजून सीटचे कव्हर काढून पाहिलेले नसावेस असा माझा तर्क आहे.

दुसरे उत्तर सीटबरोबर आलेल्या माहितीपुस्तिकेत असते. काही कंपन्या सरकारचे निकष तसेच्या तसे मान्य करतात, काही मात्र कोणत्याही अपघातानंतर सीट बाद समजा असे लिहितात, मग धडक किती का हलकी असेना. जिथे कंपनीचे म्हणणे अधिक कडक आहे तिथे कंपनीचेच ऐकावे. यावर लोक म्हणतात की त्यांना माल खपवायचा असतो. तसे मीही एके काळी म्हणत असे. पण आतले प्लॅस्टिक आणि फोम किती सोसू शकतात हे बनवणाऱ्यालाच ठाऊक असते, आणि तोच हमी घ्यायला तयार नसेल तर मी कोण घेणारा?

आईंना सांगायचे तर हिशोब सोपा आहे. ताशी ३० किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर १० किलोच्या मुलाला जागेवर धरून ठेवायला सुमारे ८५ किलो वजनाइतका जोर लागतो. तो जोर पट्ट्यांवर, त्यांच्या शिवणीवर आणि गाडीचा बेल्ट जिथून ओवला जातो त्या प्लॅस्टिकवर येतो. मुलाला काही होत नाही ते याचमुळे, की खुर्चीला काहीतरी होते. डोक्यापाशी जो थर्माकोलसारखा फोम असतो तो चेपून धक्का जिरवतो, आणि चेपलेला थर्माकोल पुन्हा फुगत नाही. एकदा जोरात आपटलेले हेल्मेट आपण परत वापरत नाही, तसेच हे.

तेव्हा कव्हर उतरव, टॉर्च घे आणि दिवसाउजेडी नीट पाहा. प्लॅस्टिक वाकले असेल तर तिथे पांढुरकी रेघ उमटते. पट्ट्यांची शिवण बोट फिरवून तपास. मात्र डोळ्यांना काही दिसले नाही म्हणजे काही झालेच नाही, असे धरून चालू नकोस.

जाता जाता इतर सभासदांसाठी: कॅलिफोर्नियात अपघाताच्या वेळी मूल बसलेले होते अशी सीट बदलून देण्याची तरतूद वाहन विम्यात असावी, असा कायदाच आहे. बंपरचे पैसे मागताना हे मागायचे लोक विसरतात.

*

प्रेषक: सभासद, सांगली

स. न. वि. वि.

आता कायमचा सांगलीकर झालो असलो तरी मंडळाची पत्रे आवर्जून वाचतो. काकांच्या मताशी मी बहुतांशी सहमत आहे, पण कोरेगावच्या बाळाबद्दल थोडे वेगळे लिहायचे आहे. आपल्याकडे पर्याय बहुधा नवी सीट हा नसतो, तर आईची मांडी हा असतो. पुस्तिकेने मनाई केलेली नसेल आणि कव्हरखाली काही सापडले नाही, तर झाला प्रकार मावसबहिणीला स्पष्ट सांगून, नवी येईपर्यंत ती सीट वापरायला देणे मला मांडीपेक्षा बरे वाटते. काकांचा राग ओढवून घेण्याची तयारी ठेवूनच हे लिहीत आहे.

दुसरे असे की, अमेरिकेतल्या गाड्यांचा बेल्ट पूर्ण बाहेर ओढला की लॉक होतो, आपल्याकडच्या गाड्यांचा सहसा होत नाही. म्हणून बेल्ट सैल पडू नये यासाठी त्यावर बसवायची लोखंडी लॉकिंग क्लिप आपण लावली असेलच. ती वाकली आहे का तेही पाहावे, आणि वाकली असल्यास फेकून द्यावी. नवी सीट इथे घेणार असाल तर लेबलवर गोलात 'ई' हे अक्षर आणि आर ४४ किंवा आर १२९ हे मानक, किंवा आपले एआयएस ०७२, छापलेले असल्याची खात्री करावी. बाबांच्या गाडीत आयसोफिक्सचे, म्हणजे बेल्टशिवाय सीट थेट गाडीला अडकवायचे, हूक नसतील, तर बेल्टने बसणारीच सीट घ्यावी. आणि आईंना हेही सांगावे की २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ ब प्रमाणे १४ वर्षांखालील मूल बेल्ट किंवा कारसीटशिवाय बसवल्यास १००० रुपये दंड आहे. प्रत्यक्षात तो होताना मी अजून पाहिलेला नाही, ही गोष्ट वेगळी.

*

प्रेषक: सभासद, सध्या मुक्काम सातारा

काका आणि सर्व सभासदांना नमस्कार.

काकांचा तर्क खरा होता, कव्हर काढलेच नव्हते. ते उतरवायला बाबांना आणि मला पाऊण तास लागला. खाली बिस्किटांचा चुरा, एक हरवलेला मोजा आणि डोक्याच्या उजव्या बाजूच्या थर्माकोलमध्ये करंगळीएवढ्या लांबीची एक सरळ भेग. प्लॅस्टिक आणि शिवण निर्दोष होती, क्लिप मात्र किंचित वाकलेली निघाली.

बाबांनी भेग पाहून विचारलेला प्रश्न मला अजून सुटलेला नाही: ही वाढे फाट्यावर पडली, की मुंबई विमानतळावर पट्ट्यावरून खाली आपटताना? सामानात दिलेल्या सीटचे कव्हर आम्ही उतरल्यावर काढून पाहिले नव्हते, म्हणजे कदाचित तीन महिने लेक याच भेगेशेजारी डोके टेकून साताराभर फिरली असेल. सीट विमानाने आणणाऱ्यांनी निदान हे पाहून घ्यावे, यासाठी मुद्दाम लिहिते आहे. भेग कुठेही पडलेली असो, पाचवी अट हुकली. माहितीपुस्तिका फोनवर उतरवून वाचली, तर तिच्यातही कोणत्याही अपघातानंतर सीट वापरू नये असेच लिहिलेले निघाले. त्यामुळे सांगलीकर दादांनी सुचवलेली वाटही बंद झाली.

आमच्या लेकीसाठी बेल्टने बसणारी, आर ४४ चे लेबल असलेली सीट पुण्याहून मागवली आहे. डेंटिंगचे पैसे बाबांनी दिले आणि पिकअपवाल्याच्या २००० रुपयांत आमची भर घालून मावसबहिणीच्या मुलासाठी तान्ह्या बाळाची सीट घ्यायचे ठरले. तिला भेगेचा फोटो पाठवला, तेव्हा तिने आधी "एवढीशी तर आहे" असे लिहिले आणि अर्ध्या तासाने "बरे झाले दिली नाहीस" असे.

जुनी सीट कोणी उचलून वापरू नये म्हणून पट्टे कापायला घेतले, पण स्वयंपाकघरातल्या कात्रीला ते दाद देईनात. शेवटी बाबांनी करवतीचे पाते चालवले. सांगाड्यावर मार्करने "अपघातातील आहे, मुलांसाठी वापरू नये" असे लिहून भंगारवाल्याला दिली. त्याने ती उलटीसुलटी करून पाहिली आणि म्हणाला, "ताई, पट्टे कशाला कापले? आमच्या पोराला बसायला झाली असती की." मी म्हटले, घरात ने हवी तर, पण गाडीत बसवू नका. तर तो हसून म्हणाला, "आमची गाडी म्हणजे ही हातगाडीच की, ताई."

आपली नम्र.