प्रतिसाद: आकडा घटला, पण नोंद कशाची झाली?
वार्षिक अहवालात मोबाइलचोऱ्या घटल्या म्हणजे जळगाव सुधारलं, हे वरचं म्हणणं मला पटत नाही, भाऊ. रात्रीची गस्त वाढली असेल तर तिचं श्रेय द्यायलाच हवं. पण तालुक्याच्या आठवडी बाजारात आईच्या पिशवीला ब्लेड मारून फोन काढला, चार बोटांची सरळ चीर दिसत होती, तरी ठाण्यात हाती पडला तो ‘गहाळ’चा दाखला. गहाळची नोंद गुन्ह्यांच्या आकड्यात धरलीच जात नाही!

चोरी असेल तर एफआयआरचाच आग्रह धरा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार हद्द कुठलीही असो, दखलपात्र, म्हणजे पोलिसांना वॉरंटशिवाय अटक करता येते अशा, गुन्ह्याची तक्रार घ्यावीच लागते आणि प्रत फुकट मिळते. नकार दिला तर पोलीस अधीक्षकांकडे टपालानेही लेखी तक्रार करता येते.