मदत हवी आहे: फोन लाइनचा इम्पिडन्स आपोआप कसा जुळवावा?

नमस्कार मंडळी,

दोन तारांच्या टेलिफोन लाइनला जोडायचं एक इंटरफेस सर्किट बनवतोय. हायब्रिडमध्ये (जाणारा आणि येणारा आवाज वेगळा करणाऱ्या भागात) ६०० ओहमचा बॅलन्स, म्हणजे लाइनची नक्कल करणारा भाग, लावला, तर छोट्या लाइनवर आवाज स्वच्छ येतो. लांब केबल जोडली की माझाच आवाज मला मोठ्याने परत ऐकू येतो. कारण कळतं. केबलचा इम्पिडन्स (एसी सिग्नलला होणारा एकूण विरोध) नुसता रेझिस्टन्स नसतो, तो कपॅसिटिव्ह असतो आणि ३०० ते ३४०० हर्ट्‌झच्या पट्ट्यात बराच बदलतो. २७० ओहमच्या सिरीजमध्ये ७५० ओहम आणि १५० नॅनोफॅरड पॅरलल, हे युरोपातलं नेटवर्क बॅलन्स म्हणून लावल्यावर खूपच फरक पडला, पण प्रत्येक लाइनवर नाही.

म्हणून आठ नेटवर्क ठेवून मायक्रोकंट्रोलरने सर्वांत कमी प्रतिध्वनी देणारं निवडायचं ठरवलंय. पहिला अंक डायल केला की डायल टोन थांबतो, त्या शांत वेळात १००० हर्ट्‌झचा टोन सोडून मोजतो. मात्र १००० ला उत्तम ठरलेलं नेटवर्क ३०० च्या आसपास साफ फसतं, आणि कानाला नेमकं तेच खुपतं.

तीन-चार टोन घेतले तर कोणत्या फ्रिक्वेन्सीला किती वजन द्यावं? की नेटवर्क ढोबळच निवडून उरलेला प्रतिध्वनी अॅडाप्टिव्ह फिल्टरने (लाइनप्रमाणे स्वतःला जुळवून घेणाऱ्या फिल्टरने) काढावा? तसं केल्यास दोघं एकदम बोलत असताना फिल्टर भरकटू नये म्हणून काय करता? ज्यांनी प्रत्यक्ष लाइनवर हे केलंय, त्यांनी कृपया सविस्तर सांगा. हवं तर सर्किटचं चित्र टाकतो.