मदत हवी आहे: १९८३ च्या पोर्शे ९४४ मध्ये विजेवर चालणाऱ्या सीट बसवणे आणि त्यांचे वायरिंग

ट्रान्सअ‍ॅक्सल (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे १९८३ च्या मॉडेलची पोर्शे ९४४ आहे, म्हणजे अमेरिकेत ही गाडी विक्रीला आली त्या पहिल्या वर्षाची, जुन्या चौकोनी डॅशबोर्डची. इंजिन आणि टायमिंग बेल्टचे काम आधीच्या मालकाने नीट करून ठेवलेले आहे, त्यामुळे त्या बाजूने तक्रार नाही. अडचण आहे ती बसण्याची. या सुरुवातीच्या ९४४ मध्ये स्टिअरिंग इतके खाली असते की गाडीत शिरताना आणि क्लच दाबताना मांडी चाकाला घासते. स्टिअरिंग वरखाली करण्याची सोय नाही आणि माझ्या मूळ सीटला उंची बदलण्याची सोयही नाही. माझी उंची ५ फूट ११ इंच आणि पत्नीची ५ फूट २ इंच असल्यामुळे एकाला सोसवेल ते दुसऱ्याला सोसवत नाही.

म्हणून पेनसिल्व्हेनियातील जुन्या गाड्यांच्या एका भंगार यार्डातून १९८७ च्या ९४४ च्या दोन सीट आणल्या. पुढे-मागे सरकणे, पुढची उंची, मागची उंची आणि पाठीचा कल, हे सारे त्यांत विजेवर चालते. चामडे उत्तम आहे, शिवणही उसवलेली नाही. मात्र सीट काढताना तेथील माणसांनी प्लग सोडवण्याऐवजी हार्नेस सरळ छाटून टाकला, त्यामुळे प्रत्येक सीटखाली वीतभर वायरींचा जुडगा लोंबतो आहे आणि प्लगचा पत्ता नाही. माझ्या गाडीत मुळात साध्या सीट होत्या, त्यामुळे जमिनीच्या बाजूने वायर नाहीच.

आतापर्यंत जे पाहिले ते असे. दोन्ही सीटच्या जुडग्यात एक जाड तांबडी आणि एक जाड तपकिरी वायर आहे. त्याखेरीज चार बारीक वायरी आहेत, ज्यांचे रंग इतके मळले आहेत की खात्रीने सांगता येत नाहीत. गॅरेजमध्ये सीट लाकडी फळ्यांवर आडवी ठेवून, चार्ज केलेल्या वेगळ्या बॅटरीवरून २० अँपिअरचा फ्यूज मध्ये घालून जाड वायरींना वीज दिली. चालकाच्या सीटची उंची आणि पाठ व्यवस्थित हलते. पुढे-मागे करण्याची कळ दाबली की मोटर फिरल्याचा आवाज येतो, डावा रूळ बोटभर सरकतो, उजवा जागचा हलत नाही आणि सीट तिरकी होऊन अडते. शेजारची सीट सगळ्या दिशांना हलते, पण फार मंद. रुळांतले ग्रीस जुन्या चिक्कीसारखे कडक झाले असून स्क्रूड्रायव्हरने खरवडल्याशिवाय निघत नाही.

माझ्या मुख्य शंका अशा. वीज कोठून घ्यावी, डॅशबोर्डखालच्या मूळ फ्यूज बॉक्समधून की थेट बॅटरीपासून वेगळी वायर ओढून? बारीक वायरी कशाच्या असाव्यात आणि त्या ओळखायच्या कशा? सीट तिरकी होण्याचे कारण मोटर की रूळ? आणि ज्याची मला सर्वांत जास्त काळजी वाटते ते म्हणजे सीटबेल्टचे बक्कल: माझ्या मूळ सीटचे बक्कल सीटच्या चौकटीलाच बोल्टने जोडलेले आहे, आणि नव्या सीटसोबत बक्कल आलेलेच नाही. जुने तेथे हलवावे का?

न्यू जर्सीतील एडिसनजवळच्या एका गॅरेजने या कामासाठी जी रक्कम सांगितली, ती मी दोन्ही सीटसाठी मोजलेल्या पैशांहून अधिक होती. म्हणून हे काम घरीच, पण नीट करण्याचा विचार आहे.

हार्नेसवाला

वायरिंगचे मी सांगतो, कारण चाकणला माझा दिवस त्यातच जातो. रुळांचे आणि बक्कलाचे जाणकारांनी सांगावे.

मूळ फ्यूज बॉक्सला हात लावू नका. त्या बॉक्सची रचना करताना तुमच्या गाडीत सीटच्या मोटरी धरलेल्याच नव्हत्या, आणि चाळीस वर्षांच्या जुन्या संपर्कपट्ट्यांवर नवा भार टाकला तर आधी तेथेच तापेल. बॅटरीच्या धन टोकापासून स्वतंत्र वायर ओढा आणि त्या टोकापासून वीतभर अंतराच्या आत संरक्षण बसवा. फ्यूज वायरीला वाचवतो, मोटरीला नव्हे. म्हणून तो वायरीच्या शेवटी, सीटखाली बसवून उपयोग नाही, कारण बॅटरी आणि फ्यूज यांच्यामधला तुकडा कोठे घासून बॉडीला टेकला तर त्याला अडवणारे काहीच उरत नाही.

जाडी ४ चौरस मिलिमीटर घ्या. तुमच्याकडे १२ गेज मिळेल, ती सुमारे ३.३ चौरस मिलिमीटर भरते आणि तीही चालेल. हिशेब सांगतो म्हणजे कंजुषी करावीशी वाटणार नाही. तांब्याच्या ४ चौरस मिलिमीटर वायरीचा रोध मीटरला साधारण ४.३ मिलिओहम असतो. ३ मीटर वायरीत २० अँपिअर गेले तर पाव व्होल्टच्या आसपास घट येते. तीच वायर दीड चौरस मिलिमीटरची असेल तर घट ०.७ व्होल्टपर्यंत जाते, आणि अशा वायरीवर ३० अँपिअरचा फ्यूज लावला तर फ्यूज उडण्याआधी वायरीचे आवरण मऊ पडू शकते. सरकताना सीटची एक मोटर काही अँपिअरच घेते, पण रूळ टोकाला जाऊन अडला आणि बोट कळीवरच राहिले की प्रवाह एकदम चढतो. याच कारणाने अनेक कारखानदार सीट आणि काचांच्या मोटरींसाठी साध्या फ्यूजऐवजी आपोआप पूर्ववत होणारा सर्किट ब्रेकर वापरतात. मी तुमच्या जागी असतो तर दोन सीटसाठी दोन वेगळ्या शाखा आणि प्रत्येकीला हाताने पूर्ववत करावा लागणारा २५ अँपिअरचा ब्रेकर ठेवला असता. आपोआप जुळणारा ब्रेकर सतत बिघडलेल्या मोटरीलाही पुन्हा पुन्हा वीज देत राहतो, ते मला जुन्या गाडीत आवडत नाही.

जर्मन गाड्यांत टोकांचे क्रमांक डीआयएन ७२५५२ या जर्मन मानकाप्रमाणे असतात: ३० म्हणजे बॅटरीची कायम वीज, १५ म्हणजे किल्ली फिरवल्यावर येणारी, ३१ म्हणजे अर्थ (अर्थिंग, म्हणजे बॉडीला जोडलेली ऋण बाजू). रंगांतही तपकिरी ही अर्थ आणि तांबडी ही कायम वीज, असा रिवाज आहे. तेव्हा तुमच्या जाड वायरींबद्दलचा अंदाज बरोबर आहे, पण रंगावर विसंबू नका, मीटर लावा. या सीटच्या मोटरींना दोनच टोके असतात आणि दिशा बदलते ती ध्रुव उलटल्याने. कळ सोडलेली असताना मोटरीची दोन्ही टोके कळीतूनच अर्थला जोडलेली असतात. कळ दाबली की त्यांतले एक अर्थ सोडून तांबड्या वायरीला जाऊन मिळते. म्हणून वीज न देताच तपासता येते: मीटर रोधावर ठेवून तपकिरी वायर आणि मोटरीचे प्रत्येक टोक यांच्यात जवळजवळ शून्य दिसले पाहिजे, आणि मोटरीचा जोड सोडवून कळ दाबली की त्यांपैकी नेमके एक टोक अर्थपासून तुटलेले दिसले पाहिजे. जेथे शून्याऐवजी काही ओहम दिसतील, ती कळ आतून जळकी आहे.

बारीक वायरींपैकी दोन बक्कलातील इशारा-स्विचच्या असू शकतात. उरलेल्या जोडीत काही ओहमच रोध दिसला तर ते सीट तापवणारे जाळे असावे. ते तूर्त जोडू नका, टोकांवर उष्णतेने आकसणारी नळी चढवून बाजूला बांधा. पुढे जोडायचे ठरवलेच, तर ते किल्लीच्या विजेवर, रिलेमधून (विजेने चालू-बंद होणाऱ्या स्विचमधून) आणि वेगळ्या फ्यूजवर, कारण विसरलेली गरम सीट सकाळपर्यंत बॅटरी रिकामी करेल.

अर्थ सीटच्या चौकटीवरून किंवा रुळावरून घेऊ नका. ग्रीस आणि गंज यांच्यातून जाणारा अर्थ आज चालेल आणि पावसाळ्यात बंद पडेल. बॉडीचा पत्रा रंग खरवडून चकचकीत करा, दातेरी वॉशर घाला आणि वरून रंग मारा.

शेतकरीदादा

इतका खटाटोप कशाला? सिगारेट लायटरची वायर सीटच्या अगदी जवळ असते, तेथूनच घ्यावी. एका वेळी एकच मोटर चालवायची.

नेकारकाठ

शेतकरीदादा, क्षमस्व, पण हा सल्ला कोणी मनावर घेऊ नये. लायटरच्या वायरीवर आणखी काय जोडलेले आहे हे जुन्या गाडीत सांगता येत नाही, आणि एका वेळी एकच मोटर चालवण्याची शिस्त दुसऱ्या कोणी गाडी चालवली की मोडते.

धागाकर्त्यांना: मी स्टुटगार्टजवळ राहतो आणि माझ्याकडे १९८६ ची ९४४ आहे. (जाता जाता, या गाड्या पोर्शेच्या झुफेनहाउझेन कारखान्यात नव्हे, तर नेकार नदीकाठच्या नेकारसुल्म येथील आउडीच्या कारखान्यात जोडल्या जात; त्यामुळे माझ्या नावाला थोडा आधार आहे.)

तुमची मोटर चांगली आहे. सीट पुढे-मागे नेणारी एकच मोटर लवचिक शाफ्टमधून दोन्ही रुळांच्या गिअरना फिरवते. आवाज येतो, एक रूळ सरकतो आणि दुसरा नाही, याचा अर्थ उजव्या बाजूचा शाफ्ट निसटला आहे किंवा त्याचे चौकोनी टोक गोल झाले आहे. नळी काढून आतला शाफ्ट बाहेर ओढून पाहा. टोक शाबूत असेल तर फक्त नीट बसवून नळीचे कुलूप लावा. मात्र जोडण्यापूर्वी दोन्ही रूळ एकाच जागी आणले पाहिजेत, नाहीतर सीट कायमची तिरकी राहील. त्यासाठी दोन्ही शाफ्ट मोकळे करा, मंद वेगाच्या ड्रिलमध्ये शाफ्टचा तुकडा पकडून प्रत्येक रूळ मागच्या टोकापर्यंत न्या, मग एकत्र जोडा. हीच युक्ती बोल्ट लावतानाही कामी येते, कारण पुढचे बोल्ट लावायला सीट मागे आणि मागचे लावायला सीट पुढे न्यावी लागते. मोटर बंद असेल तर बोल्टपर्यंत पानाच पोहोचत नाही. कडक ग्रीस काढल्याशिवाय वीज देऊ नका. शेजारच्या सीटच्या मंदपणाचे कारण बहुधा तेच आहे, पण खात्रीसाठी मोटर चालू असताना तिच्याच टोकांवर व्होल्ट मोजा: बॅटरीवर १२.५ आणि मोटरीवर १० दिसले तर दोष कळीत किंवा जोडात आहे, ग्रीसमध्ये नाही.

चारही बोल्ट आधी सैल लावा, सीट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा आणि मगच आवळा.

वायर कोठून न्यावी, हे तुमच्या गाडीत महत्त्वाचे आहे. हँडब्रेकचा लिव्हर चालकाची सीट आणि दरवाजा यांच्यामध्ये असतो, त्या बाजूने काहीही नेऊ नका. तुमची बॅटरी इंजिनच्या मागे, उजव्या कोपऱ्यात आहे. तेथून शेजारच्या बाजूने आत या आणि कार्पेटखालून मधल्या उंचवट्यावरून चालकाकडे न्या. पत्र्यातून जाताना रबरी कडे हवेच. कार्पेट उचललेच आहे तर बॅटरीखालचा पत्राही पाहून घ्या: तेथे आम्लाने गंज धरून भोके पडणे हा या गाड्यांचा जुना रोग आहे आणि ते पाणी थेट शेजाऱ्याच्या पायाशी उतरते. ओल्या कार्पेटखाली नवी वायर घालण्यात अर्थ नाही.

बक्कलाबाबत मी कडक बोलतो. जमिनीला नवे भोक पाडून बक्कल लावू नका, सीट सरकली की पट्ट्याचा कोन बदलतो. बक्कल जेव्हा सीटला लावलेले असते, तेव्हा अपघातात माणसाचा भार सीटच्या चौकटीतून आणि त्या चार बोल्टमधून जमिनीत जातो. अमेरिकेचा एफएमव्हीएसएस २०७ हा वाहन-सुरक्षेचा नियम सीटने स्वतःच्या वजनाच्या २० पट बल सोसावे असे सांगतो, आणि पट्टा सीटलाच जोडलेला असेल तर पट्ट्याचे बल त्याच वेळी वरून धरतो. म्हणून याच प्रकारच्या सीटचे बक्कल, त्याचा मूळ बोल्ट आणि वॉशर शोधा. जुने बक्कल दांड्याच्या लांबीसकट अगदी तंतोतंत जुळले तरच वापरा. दांडी वाकवून किंवा वॉशर रचून जुळवू नका. सीटचे बोल्टही दुकानातले साधे नकोत, मूळ दर्जाचेच हवेत.

ट्रान्सअ‍ॅक्सल (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. हार्नेसवाला यांनी सांगितल्याप्रमाणे वीज न देता मीटर लावला. चालकाच्या सीटच्या सर्व कळी ठीक आहेत. शेजारच्या सीटची उंचीची कळ मात्र तपकिरी वायरीकडे शून्याऐवजी ३ ओहमच्या वर दाखवते, म्हणजे तिचा मंदपणा केवळ ग्रीसचा नाही. बारीक वायरींपैकी एका जोडीत काही ओहम रोध आहे, ती बंद करून ठेवली. उजवा शाफ्ट नेकारकाठ म्हणतात तसाच निसटलेला निघाला आणि टोक शाबूत आहे. शेजारच्या बाजूचे कार्पेट कोरडे आहे, पण बॅटरीखाली रंग फुगलेला दिसतो, तेव्हा वायर ओढण्याआधी ते काम येईल.

एकच शंका उरली. फळीवर मोजले तर नवी सीट पूर्ण खाली केल्यावरही जुन्या सीटपेक्षा उंच भरते. पत्नीला अडचण नाही, पण माझ्या मांडीचा आणि स्टिअरिंगचा मूळ प्रश्न सुटेल की वाढेल?

नेकारकाठ

फळीवरची मोजणी फसवी असते, कारण जुन्या सीटचा फोम वर्षानुवर्षे बसून दबलेला असतो आणि नव्या सीटवर अजून तुम्ही बसलेला नाही. चालकाची सीट चारच बोल्टवर, वीज न जोडता, बाहेरच्या बॅटरीवरून पूर्ण खाली करून बसून पाहा. पुढची उंची आणि मागची उंची वेगवेगळी हलते हा तुमचा फायदा आहे: पुढचा भाग तळाशी ठेवून मागचा थोडा उचलला तर गुडघ्याकडची मांडी खाली जाते आणि डोके फारसे वर येत नाही. तरीही चाक घासत असेल तर वायर ओढण्यापूर्वीच लहान व्यासाच्या स्टिअरिंगचा विचार करावा लागेल. तुमच्या गाडीत एअरबॅग नाही, त्यामुळे ते बदलणे सोपे आहे.

हार्नेसवाला

शेजारच्या सीटची कळ उघडून संपर्कबिंदू पाहा. काळे पडले असतील तर बारीक पॉलिश पेपरने साफ होतात. खड्डे पडले असतील तर कळ बदला. आणि दोन्ही सीटला सारखेच नवे प्लग लावा, म्हणजे पुढे कधी सीट काढायची वेळ आली तर वायर छाटावी लागणार नाही.