लेप्टिन नसलेला उंदीर एवढा जाडा, मग थायमस उपाशी उंदरासारखा का?

झुऑलॉजी_पार्ट_टू: नमस्कार मंडळी, गुरुवारी सेमिनार आहे आणि डोक्याचा पार भुगा झालाय. ओबी-ओबी उंदरात, म्हणजे जीनमधे बिघाड असलेल्या जातीत, लेप्टिन हे भूक आवरणारं हार्मोन बनतच नाही म्हणून तो खात सुटतो आणि गोळ्यासारखा फुगतो, इथपर्यंत ठीक. पण मग त्याचा थायमस (छातीतली टी सेल तयार करणारी ग्रंथी) एवढुसा आणि टी सेल, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, कमी, म्हणजे अगदी उपासमार झालेल्या उंदराचं असतं तसं. खाऊन खाऊन जाड झालेल्याची इम्युनिटी कुपोषितासारखी कशी काय? गाईडला विचारलं तर म्हणतात वाच.

पिंजरा_नंबर_सात: अगं सोप्पंय. लेप्टिन चरबीतून येतं, म्हणजे साठा किती आहे याची ती खबर असते. खबरच पोचली नाही तर कोठार भरलेलं असलं तरी मेंदूच्या लेखी दुष्काळच, आणि दुष्काळात शरीर आधी काय बंद करतं तर पिल्लं आणि इम्युनिटी, दोन्ही महागडी कामं. म्हणून तो उंदीर वांझ पण असतो. मी चार वर्षं ॲनिमल हाऊसमधे काढलीयेत, नॉर्मल उंदीर उघडला की हृदयाच्या वर दोन पांढरे लोब लगेच दिसतात, ह्याच्यात चरबी बाजूला सारत शोधत बसावं लागतं. १९९८ चा लंडनचा नेचरमधला पेपर नक्की घे. नॉर्मल उंदरांना ४८ तास उपाशी ठेवलं, टी सेलचा रिस्पॉन्स म्हणून त्वचेत जी सूज यायला हवी ती घटली, आणि उपाशी असतानाच लेप्टिन टोचलं तर परत आली. खायला दोन्ही गटांना काहीच नाही, म्हणजे फरक अन्नाचा नाही, खबरेचा.

साबुदाणा_वडा: बाप रे, मग आमच्या एकादशीचं काय 😅

पिंजरा_नंबर_सात: खुशाल करा हो काकू. २५ ग्रॅमचा उंदीर दिवसाला ३-४ ग्रॅम खातो, त्या हिशोबाने तुम्हाला रोज आठेक किलो खावं लागेल. त्याचे ४८ तास म्हणजे तुमची एकादशी नव्हे. आणि तुम्ही तर वडे खाता!

कंट्रोल_कुठाय: सातशी अर्धाच सहमत. लेप्टिन थेट टी सेलवर काम करतं हे एवढ्यावरून सिद्ध होत नाही. उपाशी उंदरात कॉर्टिकोस्टेरॉन हे ताणाचं हार्मोन वाढतं, ते थायमसला झिजवतं, आणि लेप्टिन दिलं की तेच कॉर्टिकोस्टेरॉन कमी वाढतं, हे १९९६ लाच दाखवलंय. २००६ मधे जिनिव्हाच्या लोकांनी लेप्टिन ओळखणारा चालू रिसेप्टरच नसलेल्या डीबी-डीबी उंदराची बोन मॅरो (टी सेलचं मूळ तिथलंच) नॉर्मल उंदरात घातली तर थायमस व्यवस्थित भरला. मग दोष सेलचा की ती ज्या शरीरात राहते त्या घराचा? नंतर मात्र टी सेलच्या ग्लुकोज घेण्यावर थेट परिणाम होतो असेही पेपर आलेत, त्यामुळे दोन्ही बाजू मांड. आणि "इम्युनिटी बूस्टर" असलं काही स्लाईडवर टाकू नकोस प्लीज, ओबी-ओबी उंदराला ईएई म्हणजे एमएससारखा (मल्टिपल स्क्लेरोसिस, यात इम्युनिटी स्वतःच्याच मज्जासंस्थेवर उलटते) आजार सहसा होत नाही आणि लेप्टिन दिलं की व्हायला लागतो, घ्या बूस्टर.

झुऑलॉजी_पार्ट_टू: ईएईचं माहीतच नव्हतं!! मग शेवटची स्लाईड उडवते, त्यावर ढाल घेतलेला उंदीर काढला होता, दोन तास गेले त्यात.