बेगम ओम हबीबा: दान कुणाचं, नाव कुणाचं?

आडवळण:
आगाखान पॅलेसला शाळेच्या सहलीत बहुतेकांचं जाणं झालेलं असतं. तिसऱ्या आगाखानांनी तो १८९२ मध्ये बांधला, दुष्काळात लोकांच्या हाताला काम मिळावं म्हणून. परवा त्यांच्या शेवटच्या बेगमविषयी वाचलं. मूळ नाव इव्हेट लाब्रूस, जन्म १९०६, फ्रान्समधलं सेत. वडील ट्राम चालवायचे, आई कपडे शिवायची. १९३० ची मिस फ्रान्स. इस्लाम स्वीकारून १९४४ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये लग्न केलं आणि निझारी इस्माइली या शिया पंथाच्या इमामांची, म्हणजे आगाखानांची, बेगम ओम हबीबा झाली. पुढे ‘माता सलामत’ हा किताबही मिळाला.

आता सगळीकडे ‘दानशूर बेगम’ म्हणून गोडवे. माझा साधा प्रश्न आहे: ही जमात इमामांना दसोंद देते, म्हणजे कमाईतला वाटा. मग बेगमचं दान म्हणजे हलवायाच्या घरावर तुळशीपत्रच ना?

पाटीपेन्सिल:
असहमत. १९४६ ची हीरक तुला आठवा. ब्रेबर्न स्टेडियम, तराजूच्या एका पारड्यात आगाखान, दुसऱ्यात हिरे. पांढऱ्या साड्यांसाठी ओळखली जाणारी बेगम तिथे हजर होती. ते हिरे तुलेपुरते उसने आणलेले. जमातीनं जमवलेला पैसा आगाखानांनी जमातीच्याच कामी लावला. त्यातून पूर्व आफ्रिकेत डायमंड ज्युबिली इन्व्हेस्टमेंट ट्रस्ट उभा राहिला, घरांना आणि धंद्यांना कर्ज देणारा. हलवाई आपलीच मिठाई वाटत असेल तर तक्रार कसली?

आडवळण:
हे सगळं नवऱ्याचं कर्तृत्व. बेगमनं काय केलं ते सांगा. ती तिथे बसली होती, एवढंच तुम्ही सांगितलंत.

खडूस:
+१. फ्रान्समधल्या कान शहराजवळ १९४९ मध्ये दरोडेखोरांनी यांची गाडी अडवून दागिने पळवले, तेव्हा जगभर मथळे झाले. त्या दागिन्यांत किती शाळा बांधून झाल्या असत्या, हे मोजायला कोणी बसलं नाही.

उंबरठा:
मृत्युपत्र वाचा. १९५७ मध्ये आगाखानांनी मुलगा अलीला डावलून नातू करीमला गादी दिली. वय वीस, हार्वर्डला शिकत होता. आणि लिहून ठेवलं की पहिली सात वर्षं इमामतीच्या सर्वसाधारण धोरणात त्यानं माझ्या या पत्नीचा सल्ला घ्यावा, कारण अनुयायांचे प्रश्न तिला अनेक वर्षं माहीत आहेत. शोभेच्या बाहुलीसाठी कोणी असं कलम घालतं का? सासरी आलेली परक्या धर्मातली मुलगी, आणि थेट गादीच्या धोरणावर सल्ला. आपल्याकडच्या मठांत-संस्थानांत असं एक उदाहरण दाखवा.

खडूस:
सल्ला देणं वेगळं, दान करणं वेगळं. विषय भरकटतोय.

उंबरठा:
बरं, मग इजिप्तमधलं अस्वान. आगाखान तिथेच दफन आहेत, नाईलच्या पश्चिम काठावर, वाळूच्या टेकडीवर. कैरोतल्या फातिमी खलिफांच्या काळातल्या कबरींच्या धर्तीवर बांधलेला मकबरा. खाली बेगमचं घर. त्या तिथे असल्या की रोज एक ताजा लाल गुलाब घेऊन जायच्या आणि कबरीवर ठेवायच्या. फ्रान्सला गेल्या की तेच काम माळ्याकडे.

आणि याच अस्वानमध्ये १९९१ मध्ये, पंच्याऐंशीव्या वर्षी, त्यांनी तिथल्या गरिबांसाठी ओम हबीबा फाउंडेशन काढलं. अस्वानचे लोक काही आगाखानांचे मुरीद, म्हणजे अनुयायी, नाहीत. तिथून ना दसोंद येणार, ना कोणी हात चुंबायला रांग लावणार. गादी सांभाळण्यासाठीचं दान असं नसतं हो, आडवळण.

आडवळण:
हा मुद्दा मानतो. जमातीबाहेर दिलं, हे माझ्या लक्षात नव्हतं. पण मूळ प्रश्न तसाच राहतो. मुंबईच्या काही खोजांनी, म्हणजे याच जमातीतल्या लोकांनी, ‘जमातीची मालमत्ता कुणाची’ हेच भांडण कोर्टात नेलं होतं. १८६६ मध्ये हायकोर्टानं पहिल्या आगाखानांच्या बाजूनं निकाल दिला. कोर्टात ते हरले म्हणून प्रश्न चुकीचा ठरत नाही. श्रद्धेचा पैसा आणि घरचा पैसा यांची खाती वेगळी नकोत?

पाटीपेन्सिल:
हवीत. पण मग हा हिशेब नवऱ्याला आणि नातवालाही मागा. बेगम आली की सगळ्यांना लगेच खतावणी आठवते.

खडूस:
२००० मध्ये त्या गेल्या, दफन तिथेच, नवऱ्याशेजारी. म्हणजे बाई अस्वानच्याच झाल्या, एवढं मान्य.

उंबरठा:
आडवळण, तुमच्या हिशेबात तो रोजचा गुलाब कुठल्या खात्यात टाकायचा तेवढं सांगा, मग पुढचं भांडू.