तुमच्या लॅपटॉपवर काय : विंडोज, लिनक्स की मॅक?

उद्यमनगरकर : काल माळा आवरताना उबुंटू लिनक्सची सीडी सापडली. ते लोक २०११ पर्यंत पोस्टानं फुकट पाठवायचे ती. "फॉरेनातनं पाकीट आलंय" म्हणून पोस्टमननं अख्ख्या गल्लीला सांगितलं होतं. एवढ्या वर्षांनी परत लिनक्सवर आलोय. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, माझा प्रोसेसर आय५, सातव्या पिढीचा, त्यामुळं विंडोज ११ च्या यादीत बसत नाही. लॅपटॉप तर ठणठणीत. मिंट (लिनक्सचाच एक प्रकार) टाकलं, पळतंय. तुमचे अनुभव येऊ द्या.

तांबडा_पांढरा : टॅलीचं काय केलंस भावा?

उद्यमनगरकर : ती ऑफिसच्या पीसीवर. तिथं विंडोजच.

तांबडा_पांढरा : मग झालं की! नाद करायचा तो घरच्या मशीनवर 😄

पत्रिकावाला : माझं पोरगं पण मागं लागलंय लिनक्स टाक म्हणून. पत्रिका डिझाइन करायचं कोरल त्यावर कोण चालवणार, त्याचा आजा? वीस वर्षांच्या लग्नपत्रिका पडल्यात जुन्या फाँटात. युनिकोड नाही काही नाही. फाँट नसला की 'शुभविवाह'च्या जागी इंग्रजी अक्षरं नि कंस दिसतात. लगीनसराईत गिऱ्हाईक दारात उभं असतंय, तवा प्रयोग नको. आणि त्या सीड्या टाकू नका, परड्यात टांगा. कबुतरं येत नाहीत.

रंकाळ्याकाठची : कबुतरांना काय फरक पडत नाही ओ, आमच्याकडं सीडीवरच बसतात.
मी मॅकबुक एअर वापरतो, २०२० चा एम१. नणंदेनं नवा घेतला, जुना मला दिला. आत पंखाच नाही, पोरगी शेजारी झोपली तरी काम करत बसतो. पण कंट्रोल-सी दाबायची सवय जाईना, इथं कमांड-सी. आणि दिराच्या पेनड्राइव्हवरचं वाचता येतंय, त्यात टाकता काय येत नाही.

मास्तर_निवृत्त : ताई, तो एनटीएफएस फॉरमॅटचा असणार. मॅक तसा पेनड्राइव्ह नुसता वाचतो. आतलं सगळं दुसरीकडं काढून एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा, दोन्हीकडं चालेल.
माझ्यापुरतं सांगायचं तर मराठी टायपिंग नीट झालं की बास. इनस्क्रिप्ट कीबोर्ड विंडोजवर शिकलो, मिंटवर तेच हात चालले. 'के'ला क, 'डी'ला पाय मोडायचा. प्रिंटरनं मात्र रडवलं. कंपनीचं नाव घेत नाही.

रंकाळ्याकाठची : झालं सर, थँक्यू! दीर म्हणतोय आता सिनेमे भरून द्या 🙄

कळंब्याचा_पाव्हणा : पुसायच्या आधी पेनड्राइव्हवरनं मिंट चालवून बघता येतंय ना? वायफाय, आवाज सगळं?

उद्यमनगरकर : येतंय. लाइव्ह चालवा, प्रिंटर पण जोडून बघा. 'इन्स्टॉल' दाबेपर्यंत डिस्कला हात लागत नाही.

पत्रिकावाला : मास्तर, प्रिंटर कुठला तेवढं व्यनि (खाजगी निरोप) करा. आमचा बी रुसलाय.