मरीन टँकला बायो फिल्टर कुठला? कॅनिस्टर की संप?

कोथरूडकर_९: नमस्कार मंडळी, गोड्या पाण्यातले मासे सात-आठ वर्षं पाळतोय, मरीन (खाऱ्या पाण्याचा टँक) पहिल्यांदाच लावतोय. बायो फिल्टर, म्हणजे माशांच्या घाणीतला विषारी अमोनिया बॅक्टेरियांकडून मोडून घेणारा फिल्टर, कुठला लावू ते ठरत नाहीये. टँक ३ × १.५ × १.५ फूट, म्हणजे १९० लिटरच्या आसपास. कोरल नाही, क्लाउन माशांची जोडी आणि पुढे एखाददुसरा मासा. घरात मोठा कॅनिस्टर (बंद डब्याचा फिल्टर) आहे, दुकानदार म्हणतो त्यातच बॅक्टेरिया वाढायला सिरॅमिक रिंग भर, मित्र म्हणतो टँकखाली संप (पाणी फिरवायची दुसरी टाकी) कर आणि त्यात बॅक्टेरियांसाठी प्लास्टिकचे बायो बॉल टाक. आमच्याकडे गुरुवारी कधीकधी चार-पाच तास लाईट नसते तेही धरून सांगा.

निळा_टँग: गुरुवारची लाईट हाच खरा मुद्दा आहे. कॅनिस्टर बंद डबा, पाणी थांबलं की आतले बॅक्टेरिया असलेला ऑक्सिजन संपवतात आणि मग मरायला लागतात, लाईट आली की ते सडकं पाणी सरळ टँकमध्ये. माझे दोन डॅमसेल मासे असेच गेले, अजून वाईट वाटतं. मरीनचा पीएच ८.१ ते ८.४, तिथे थोडा अमोनियासुद्धा जास्त जहाल होतो. उघडा संप कर आणि बॅटरीवरचा एअर पंप घेऊन ठेव.

दर्यागोडी: संपला +१, पण बायो बॉल नको. ते अमोनियाचं नायट्राइट आणि त्याचं नायट्रेट इथपर्यंत चोख करतात, पुढे नायट्रेट साचतच जातं. सच्छिद्र दगडाच्या पोटात जिथे ऑक्सिजन पोचत नाही तिथले बॅक्टेरिया थोड्याफार नायट्रेटचा वायू करून उडवतात, म्हणून १५-२० किलो ड्राय रॉक (असाच सच्छिद्र, कोरडा दगड) घे आणि जोडीला स्किमर, तो घाण सडायच्या आतच फेसातून बाहेर काढतो. आणि कृपा करून मालवणहून वगैरे प्रवाळाचे तुकडे उचलून आणू नकोस, दगडी प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव कायद्यात अनुसूची १ मध्ये आहे आणि ते समुद्रातच राहायला हवं.

कोथरूडकर_९: पटलं. कॅनिस्टरमधल्या जुन्या रिंग संपमध्ये टाकल्या तर सायकल (पुरेसे बॅक्टेरिया तयार होणं) लवकर होईल ना?

दर्यागोडी: नाही रे, गोड्या पाण्यातले बॅक्टेरिया एकदम ३५ पीपीटी (हजार भागांत ३५) मिठात बहुतेक मरतात, उलट तेच सडून अमोनिया वाढेल. नव्याने कर. पाणी २५-२६ डिग्री, २ पीपीएम (दहा लाख भागांत २) अमोनिया टाक, बाटलीतले मरीन बॅक्टेरिया घातलेस तर बरंच. चार ते सहा आठवडे धर. अमोनिया टाकल्यापासून २४ तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य यायला लागलं की मगच मासे, आणि जोडी आणलीस की महिनाभर तिसरा मासा नको.

निळा_टँग: आणि संप पहिल्यांदा भरशील तेव्हा मुद्दाम पंप बंद करून बघ, वरचं पाणी खाली उतरून कुठवर चढतं ते. तिथे मार्करने खूण कर आणि रोज तेवढी जागा रिकामी ठेव, नाहीतर गुरुवारी हॉलभर खारं पाणी.